नऊ एकरांना किती घोडे?

आमच्या करमाळा तालुक्यात ट्रॅक्टरला कुणी कंपनीच्या नावानं ओळखत नाही, आकड्यानं ओळखतात. ‘सातशे चव्वेचाळीस लावलाय नांगराला’, ‘त्यांचा पाचशे पंच्याहत्तर विकायचाय म्हणे’, ‘दहा-पस्तीसवर पेरून घेतलं’. नवख्याला वाटावं, आकडा मोठा तशी ताकद मोठी. पण महिंद्राचा ५७५ असतो ४५ हॉर्सपॉवरच्या आसपास, स्वराजचा ७४४ त्याहून थोडा वर, आणि ज्याचा आकडा सगळ्यांत दांडगा तो मॅसीचा १०३५ जेमतेम ३६चा. तरी पारावर बोलताना हे आकडे असे काही फेकले जातात, की ज्याच्या दारात लहान आकडा उभा आहे त्यानं मान खाली घालावी.

माझ्या धाकट्या चुलतभावानं जुना ट्रॅक्टर घ्यायचं काढलं तेव्हा त्याचंही पहिलं वाक्य ताकदीचंच होतं. “दादा, घ्यायचा तर पन्नासच्या वरचाच. चाळीसचा घेऊन लोकांत हसं नको.” शेजारच्या बांधावर पंचावन्नचा उभा असतो, हे त्यामागचं न सांगितलेलं कारण. आमची सामाईक जमीन नऊ एकर. खालचं रान उजनीच्या पाणफुगवट्याला लागून, काळं आणि चिकट. वरचं मुरमाड, कुदळ मारली तर ठिणगी उडेल असं. खाली ऊस, वर ज्वारी आणि तूर. २०१५-१६च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर भरली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्या हिशेबानं आम्ही बागायतदारच म्हणायचे! पण ट्रॅक्टरचं गणित वेगळं असतं. तो परवडायला वर्षाकाठी हजारभर तास चालावा, असं कृषी अभियांत्रिकीची पुस्तकं सांगत आली आहेत. नऊ एकरांत त्याच्या पाव हिस्सा तासही भरत नाहीत. म्हणून मी आधी सरळ सांगितलं, घेऊच नको, भाड्यानं करून घे.

त्यावर तो जे बोलला त्यानं मी गप्प झालो. “भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या वापशावर येत नाही, दादा.”

ज्यानं काळं रान केलं आहे त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर चिखल ओसरतो, ओल असते पण पाय रुतत नाही, त्या दोन-तीन दिवसांत पेरणी साधली तर साधली. आधी ट्रॅक्टर घातला तर यंत्राचे फण चिखलानं भरतात, उशीर केला तर ढेकळं होतात. आणि वापसा सगळ्या शिवाराला एकदमच येतो. भाड्याचा ट्रॅक्टरवाला तेव्हा फोन उचलत नाही. त्याची चूक नाही, त्याच्याकडे पंचवीस जणांनी नंबर लावलेला असतो. त्याच्या घरचं रान आधी, मग भावकी, मग रोख देणारे, मग आम्ही.

इथून माझा विचार पालटला, पण भावाला हवा तसा नाही. कारण वापशावर जी कामं असतात त्यांना ताकद फार लागत नाही. पेरणी, कुळवाची पाळी, उसात आंतरमशागत, फवारणीचा पंप, खताच्या गोण्या रानात नेणं, ही सगळी तीस-चाळीस हॉर्सपॉवरची कामं. ज्याला खरी ताकद लागते ते काम एकच, दोन फाळी पलटी नांगरानं काळ्या रानाची खोल नांगरट. तिथं पंचेचाळीस-पन्नास हवेतच. पण ती नांगरट उन्हाळ्यात होते. पीक निघालं की फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत रान उघडं पडलेलं असतं. भाड्याचा ट्रॅक्टर आज नाही आला तर पुढच्या आठवड्यात येईल, काही बिघडत नाही. घाईच्या कामाला घोडे कमी लागतात, आणि घोड्यांच्या कामाला घाई नसते. मग स्वतःच्या पैशानं घोडे किती घ्यायचे?

हॉर्सपॉवर हे माप जेम्स वॉटनं वाफेचं इंजिन विकायला काढलं. गिऱ्हाइकांना घोड्याची भाषा कळत होती, म्हणून इंजिनाला घोड्याचं माप लावलं. ७५ किलो वजन सेकंदात एक मीटर उचललं की झाली एक मेट्रिक हॉर्सपॉवर. आपल्याकडची चांगली बैलजोडी दिवसभर कामात मिळून साधारण एवढीच ताकद देते. म्हणजे ४५चा ट्रॅक्टर दारात आणणं म्हणजे पंचेचाळीस बैलजोड्या बांधणं. पण बॉनेटवर लिहिलेले सगळे घोडे रानात पोचत नाहीत. ते इंजिनाचे असतात. मागच्या पीटीओच्या दांड्यावर, जिथून रोटाव्हेटर फिरतो, तिथं येईपर्यंत दहा-पंधरा टक्के गळतात. आणि भुसभुशीत रानात ओढण्याचं काम असेल तर चाकं घसरण्यात आणखी जातात. फाळापर्यंत निम्मे पोचले तरी पुष्कळ. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथल्या अहवालात प्रत्येक मॉडेलची पीटीओवरची ताकद, डिझेलचा खप, लिफ्ट किती किलो उचलते, सगळं मोजून दिलेलं असतं. शोरूममध्ये टांगलेल्या पोस्टरपेक्षा तो अहवाल वाचनीय असतो, हे मी विनोदानं म्हणत नाही.

म्हणून आम्ही आधी औजार ठरवलं. पाच फुटी रोटाव्हेटर आणि नऊ दात्यांचा कल्टिव्हेटर. पाच फुटीला वरच्या मुरमाड रानात पस्तीस पुरतात, खालच्या काळ्यात चाळीस असले म्हणजे इंजिन दबत नाही. सहा फुटी म्हटला की पंचेचाळीसच्या पुढे जावं लागतं. मग टायर मोठे, डिझेल जास्त, किंमत जास्त. भावानं शेवटचा मुद्दा काढला. १ जानेवारी २०२३पासून पन्नासच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत, त्यात इलेक्ट्रॉनिक पंप आला, किंमत चढली. साध्या पंपाचा जुना मोठा ट्रॅक्टर पुढे मिळणार नाही, आताच घेऊन ठेवू. मुद्दा खोटा नव्हता. पण दुर्मिळ होणार म्हणून घ्यायला तो काही सोन्याचा तोडा नाही. चाळीसवर ठरलं. पैसे साडेतीन लाखांच्या आत, कारण कल्टिव्हेटर घरचा असला तरी नवा रोटाव्हेटरच लाखाच्या घरात जातो.

जुना बाजार भरतो तो मुहूर्तांच्या मागून. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा. लोक या दिवशी हार घालून नवा घरी आणतात आणि एक्स्चेंजमध्ये दिलेला जुना डीलरच्या आवारात येऊन पडतो. सप्टेंबर २०२५मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेव्हापासून जुन्याच्या भावातही घासाघीस करायला जागा झाली आहे. दलाल मात्र ही गोष्ट आपण होऊन काढत नाही. आम्हीच काढली की म्हणतो, “पाव्हणं, नव्याचं नवं, जुन्याचं जुनं.”

दुसरी जागा म्हणजे जप्तीच्या गाड्यांचं यार्ड. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेले ट्रॅक्टर तिथं रांगेनं उभे असतात. एकाच्या बॉनेटवर पिवळ्या रंगात दोन पोरांची नावं होती, मडगार्डवर ‘आईचा आशीर्वाद’. टूलबॉक्स उघडला तर आत पान्यांऐवजी खताच्या दुकानाची बिलं. भाव बाजारापेक्षा बराच कमी. भाऊ मागं सरकला. “नको. कुणाचा तळतळाट घेऊन रानात काय उगवणार?” मला तळतळाटाचं तितकं वाटत नाही. तो ट्रॅक्टर आम्ही घेतला काय नि दुसऱ्यानं घेतला काय, त्या घरातून गेला तो गेलाच. पण मेस्त्रींचं म्हणणं वेगळंच निघालं. मेस्त्री म्हणजे टेंभुर्णीकडचे एक जाणते गृहस्थ. हात कायम काळे आणि बोलणं मोजकं. ते म्हणाले, “हप्ता थकतो त्याच्या आधी ऑइल थकतं.” ज्याला सहामाही हप्ता जमत नव्हता त्यानं दर अडीचशे तासांनी ऑइल आणि फिल्टर कशाला बदलला असेल? त्या रांगेतल्या प्रत्येक इंजिनाची हीच कथा असेल असं नाही, पण तेव्हापासून मी यार्डातला स्वस्त भाव बघितला की आधी हे वाक्य आठवतो.

अकलूजच्या घोडेबाजारात जाणता माणूस घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघतो. कुठला शुभ, कुठला खोडीचा, हे ठरल्याशिवाय भावाला तोंड फोडत नाही. मेस्त्रींचं बघणं मला तसंच वाटलं, फरक इतकाच की त्यांचे भोवरे लोखंडावर असतात आणि थापा मारत नाहीत. पहिल्या दारात गेल्या गेल्या त्यांनी काही न बोलता इंजिनाच्या ब्लॉकला तळहात लावला. गरम होता. आम्ही येणार म्हणून मालकानं आधीच चालवून ठेवला होता. मेस्त्री म्हणाले, “उद्या सकाळी येतो, हात लावू नका.” मालक चहाचा आग्रह करत राहिला. दुसऱ्या दिवशी थंडगार इंजिनाला सेल मारला तर ते तीनदा कण्हलं आणि मग निळा धूर सोडत उठलं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा असता तर डिझेल जास्त पडतंय, एवढंच. पांढरा बराच वेळ टिकला तर पाण्याची शंका घ्यायची. ऑइल टाकायचं झाकण काढून त्यांनी तिथं तळवा धरला. फुसफुस करत वाफारा आला. “बॅक मारतोय. रिंगा गेल्यात.” उघडून काम करायचं म्हटलं तर मोठा खर्च, आणि मालक सांगत होता इंजिनला पाना लागलेला नाही. नसेलही लागला. लागायला हवा होता, हीच तर तक्रार.

दुसऱ्या गावातला ट्रॅक्टर दिसायला नवरदेव होता. ताजा लाल रंग, नवी सीट, नवे स्टिकर. तासांच्या मीटरवर दोन हजार आणि काही. मेस्त्री इंजिनाकडे गेलेच नाहीत, खाली वाकून क्लचचं पेडल बघत बसले. पाय घसरू नये म्हणून पेडलवर आडव्या रेघा असतात. त्या पार झिजून पेडल गुळगुळीत झालं होतं, आणि डाव्या कडेला एक खळगा पडला होता, टाच रोज तिथंच टेकत असणार. दोन हजार तासांत लोखंड असं झिजत नाही. मग मागं जाऊन ट्रॉली जोडायच्या हुकाचं भोक दाखवलं. गोल असायचं ते लांबट झालेलं. ऊस कारखान्याला वाहिलेला, तोही दोन-दोन ट्रॉल्या लावून. अशा ओढीत पुढची चाकं उचलतात, क्लच जळतो, मागच्या एक्सलवर ताण येतो. रंग नटांच्या खाचांतही गेला होता. ज्याच्या नटाच्या खाचेत रंग आहे तो ट्रॅक्टर पान्यासाठी नाही, गिऱ्हाइकासाठी रंगवलेला. भावानं विचारलं, “पण एचपी बरोबर आहे ना?” मेस्त्री पहिल्यांदा हसले. “एचपी कंपनीनं दिली होती. आता किती उरलीय ते हे पेडल सांगतंय.”

मला वाटतं जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत सगळी गोष्ट इथंच आहे. नवा घेताना माणूस ताकद विकत घेतो. जुना घेताना पहिल्या मालकाच्या सवयी विकत घेतो. त्यानं सकाळी रेडिएटरमध्ये पाणी बघितलं का, एअर क्लीनरमधलं ऑइल कधी बदललं, अर्धा क्लच दाबून चढ चढवला का, पोराच्या हातात देऊन डेक लावून हिंडू दिलं का. या सवयी आरसी बुकात नसतात, आणि किमतीत तर नसतातच.

पुढची तपासणी थोडक्यात सांगतो. कल्टिव्हेटर लिफ्टवर उचलून इंजिन बंद करायचं आणि पाच-दहा मिनिटं गप्पा मारायच्या. तेवढ्यात फण जमिनीला टेकले तर लिफ्टचं काम निघणार. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवायचं, किंगपिन आणि बुश ढिले असले तर कळतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर पुढं बघायचंच नाही, नमस्कार करून निघायचं. मागच्या टायरांबद्दल सगळे ‘सत्तर टक्के आहेत’ म्हणतात. आजवर कुणी चाळीस टक्के म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. जोडीला चाळीस-पन्नास हजार मोजावे लागतात, तेव्हा ते टक्के आपल्या डोळ्यांनीच मोजावेत. पण माझ्या मते टायर वाईट आणि इंजिन चांगलं हा सौदा, टायर नवे आणि इंजिन गेलेलं यापेक्षा शंभर पटींनी बरा. टायर दिसतात म्हणून विकणारा तेच बदलतो.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण ते टाळू नये. चासी नंबर घासून पुसून आरसीशी जुळवायचा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ट्रॉलीचं पासिंग वेगळं असतं, हे निम्म्या तालुक्याला माहीत नाही किंवा माहीत करून घ्यायचं नाही. आणि भीमेच्या काठचा ट्रॅक्टर असेल तर तहसीलला एक चक्कर मारून वाळूच्या दंडाचं काही लटकलेलं नाही ना, एवढं विचारून यावं.

शेवटी जो मिळाला तो स्वराजचा ७३५, चाळीसच्या आसपासचा, तीन सिलिंडरचा. रंग उन्हानं विटलेला, सीट फाटून वर पोतं बांधलेलं, टायर खरोखर अर्धे. मालक सत्तरीचे. गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही, मुलं पुण्याला. त्यांनी भावाला आधी एकच विचारलं, “रानात वापरणार का वाहतुकीला?” मेस्त्रींनी थंड इंजिन सुरू केलं, ते एका सेलमध्ये लागलं. मग ते गोठ्याच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. भिंतीवर कोळशानं तारखा लिहिलेल्या होत्या, एकीखाली एक, वरच्या पुसट आणि खालच्या ठळक. ऑइल बदलल्याच्या. कुठे ‘फिल्टर’, एके ठिकाणी ‘क्लच प्लेट’, आणि एका तारखेपुढे नुसतंच ‘पाऊस, बंद’. इंजिनापेक्षा मेस्त्रींनी ती भिंत जास्त वेळ वाचली. परत आल्यावर भावाला म्हणाले, “विसार दे.”

भाऊ तरीही आणखी वीस हजार पाडायला बघत होता. बाजाराचा रिवाज आहे, त्यानं तो पाळला. म्हातारे ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, “ठीक आहे, दहा कमी करतो, पण बॅटरी नवीन बसवलीय ती मोजा.” मी भावाच्या हातावर हात ठेवला आणि सौदा तिथंच मिटवला. मला अजून वाटतं, ते दहाही सोडायला नको होते. ती भिंत फुकटच मिळाली होती आम्हाला.

पहिल्या हंगामात वरची पेरणी वापशावर झाली. खालची नांगरट उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या पंचावन्नवर करून घेतली, रोखीनं. त्यालाही बरं वाटलं, त्याच्या घोड्यांना काम हवंच असतं.

तुमच्याकडे जुना ट्रॅक्टर विकायला असेल तर एक विनंती आहे. धुवा जरूर, पण रंगवू नका. मीटरला हात लावू नका. गिऱ्हाईक येणार म्हणून इंजिन आधी तापवून ठेवू नका. आणि ऑइल कधी बदललं, क्लच कधी टाकला, ऊस ओढला असेल तर किती हंगाम, हे वहीच्या एका पानावर लिहून आरसीबरोबर द्या. घेणारा भाव करील, तो करणारच. पण ते पान वाचणारा माणूस चार पैसे जास्त द्यायला तयार होतो.